रंग नंतर विचारा, आधी पत्रा दाखवा

आमच्या हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर चक्कर मारा, दर तिसऱ्या खोलीच्या भिंतीवर एक तरी जुनी अमेरिकन गाडी चिकटवलेली सापडेल. १९६८ ची मस्टँग, १९६९ ची चार्जर, नाहीतर पांढरे पट्टे मारलेली कॅमेरो. रात्री मेसमधून आल्यावर गप्पांचा विषयही ठरलेला. "मला मिळाली ना, तर मी मॅट ब्लॅक करीन." "हट्, मॅट ब्लॅक काय! लाल. लालच." मग रंगावरून भांडण, तेही पहाटे एक-दीडपर्यंत. व्हायव्हा दुसऱ्या दिवशी असली तरी.

या भांडणात भाग घ्यायला मला काहीच हरकत नाही. माझं मत मात्र असं आहे, की जुनी मसल कार पुन्हा उभी करताना रंग कुठला हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. खरे निर्णय त्याच्या खूप आधी घेतलेले असतात, आणि रंगाचा शेवटचा हात बसला की ते कुणालाच दिसत नाहीत. म्हणूनच तिथे लबाडीला वाव आहे, आणि म्हणूनच मला हा लेख लिहावासा वाटला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या गाडीत ठासून बसवलेलं मोठं व्ही-एट इंजिन. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं साधारण मानतात. तरुण पोरांना परवडेल अशी किंमत आणि सरळ रस्त्यावर बेफाम वेग, एवढंच गणित. १९७० च्या सुमाराला लाट शिखरावर होती. मग विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि खेळ आटोपला. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की या गाड्या पन्नास वर्षं टिकाव्यात म्हणून कुणी बनवल्याच नव्हत्या. आजच्या बॉडीला जस्ताचं जे संरक्षण असतं ते त्या पत्र्याला बहुतेक ठिकाणी नव्हतं. त्यात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीच्या पोरांना खाऱ्या हवेत पत्र्याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. तिथे तर ते मीठ चाकांनी उडून थेट गाडीच्या पोटात जाऊन बसतं.

आणि गंज बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. ही गोष्ट मला कोल्हापूरला मामांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये सुट्टीत काम करताना पहिल्यांदा कळली. रंगावर एवढासा फोड दिसतो. मामा स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावतात आणि ते सरळ आत जातं. फोड रुपयाएवढा, आतला सडलेला पत्रा ताटाएवढा. गाडी फियाट असो की चार्जर, रसायनशास्त्र तेच.

मसल कारच्या बाबतीत सडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. मागच्या चाकामागचा खालचा कोपरा, डिकीचा तळ, पायाखालची फ्लोअर, दारांखालून जाणारी रॉकरची पेटी. ज्यांच्या छतावर त्या काळच्या फॅशनप्रमाणे व्हिनाइलचं आवरण चढवलेलं होतं, त्यांच्या त्या आवरणाखाली पाणी मुरतं आणि मागच्या काचेची चौकट खाऊन टाकतं. जुन्या मस्टँगची तर खास खोड आहे. पुढच्या काचेखालच्या जाळीतून हवा आत घ्यायची सोय आहे, तिथून पाणीही जातं. आतलं काउल सडलं, की पावसात ते पाणी ड्रायव्हरच्या बुटावर टपकतं. ते दुरुस्त करायचं तर शेकडो स्पॉट वेल्ड ड्रिलने उकलून अख्खा वरचा भाग सोडवावा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. म्हणजे आठवडेच्या आठवडे काम आणि कौतुक शून्य. त्यामुळे बरेच जण काय करतात? वरून सिलंट फासतात आणि रंगाच्या शेडकार्डाकडे वळतात.

आता आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत, तर थोडं एसओएम आठवूया. मस्टँग आणि चार्जर युनिबॉडी आहेत, म्हणजे खाली वेगळी चॅसी नाही. पत्र्याच्या बंद पेट्याच सगळा भार वाहतात. दाराखालची रॉकरची पेटी ही त्यातली मुख्य तुळई. पातळ पत्र्याच्या बंद पेटीला लांबीभर एक चीर पडली, तर पीळ सहन करण्याचा तिचा ताठपणा निम्मा किंवा पाव होत नाही, तो शेकडो पटींनी, कधी हजारो पटींनी घसरतो. परीक्षेत आपण हे सूत्र पाच मार्कांसाठी लिहितो आणि विसरतो. पण रॉकर खालून सडलेला असताना त्यात कागदाचे बोळे कोंबून वरून पुट्टी मारणाऱ्याने नेमकं हेच केलेलं असतं: बंद पेटीची उघडी पन्हळ केली आणि वर चमकदार रंग दिला. त्या गाडीत चारशे क्युबिक इंचांचं इंजिन आहे, आणि कुणाचा तरी पोरगा ती पळवणार आहे. इथे विषय आवडीनिवडीचा राहत नाही.

याचा अर्थ पुट्टी म्हणजे पाप असा कुणी घेऊ नये. शिकाऊ मुलं पुट्टीचं नाव काढलं की नाक मुरडतात, ते मला पटत नाही. कारखान्यातही सांधे भरूनच निघत. १९६९ च्या चार्जरचं छत आणि मागची बाजू जिथे जुळते तो सांधा शिसं-कथिलाच्या मिश्रधातूने भरून, घासून सपाट केलेला असे. म्हणजे कंपनीतून आलेली "अस्सल" गाडीही भरलेलीच होती! प्रश्न भरण्याचा नाही, किती आणि कशावर भरता याचा आहे. आधी हातोडी आणि डॉलीने पत्रा जितका जागेवर आणता येईल तितका आणायचा, वेल्डिंगचे ठिपके घासून सपाट करायचे, आणि मग उरलेल्या खडबडीवर दोन-तीन मिलिमीटरचा पॉलिएस्टर पुट्टीचा थर द्यायचा. ही झाली कारागिरी. सडलेल्या भोकावर जाळी लावून अर्धा इंच पुट्टी थापणं ही फसवणूक. पुट्टीत टाल्कसारखी भुकटी असते, ती पाणी शोषते. भोकामागून ओल येत राहिली की वर्ष-दोन वर्षांत तोच फोड त्याच जागी परत.

पत्रा कापायचा किती, हाही मोठा निर्णय आहे. आज अमेरिकेत या गाड्यांचे जवळजवळ सगळे पॅनेल नवे छापून मिळतात. त्यामुळे खालचे सहा इंच सडलेले असले तरी अख्खी बाजूच कापून नवी लावण्याकडे कल असतो. माझं मत उलट आहे. सडलं तेवढंच काढा. मूळ डायमधून निघालेल्या पत्र्याच्या कडा आणि रेषा नव्या पॅनेलमध्ये तंतोतंत येतीलच असं नाही. मग दाराच्या फटी जुळवता जुळवता पुन्हा पुट्टीचाच आधार घ्यावा लागतो. तुकडा लावणं जास्त कटकटीचं आहे, हे मान्य. पत्रा एक मिलिमीटरच्याही आत. सलग वेल्डिंग ओढलं की भाजलेल्या पापडासारखा वाकतो. एक ठिपका इथे, पुढचा वीतभर लांब, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा मधे एक. तुकड्यावर तुकडा चढवून नाही, तर कडेला कड भिडवून, कारण चढवलेल्या दोन थरांमध्ये पाणी राहतं आणि गंजाचं नवं दुकान उघडतं. धीर पाहिजे. आमच्या वर्कशॉप प्रॅक्टिकलच्या तीन तासांत बसणारं हे काम नाही.

जुना रंग काढण्याची घाईही अशीच महागात पडते. कुणीतरी सांगतं, सँडब्लास्टिंगला दे, संध्याकाळपर्यंत गाडी नागडी होईल. होते खरी. पण बॉनेट किंवा छतासारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर जोरात वाळू मारली की पत्रा ताणला जातो आणि लाटा उठतात. त्या लाटा कुठलाही कारागीर नंतर पूर्ण सरळ करू शकत नाही, त्यावरही शेवटी पुट्टीच येते. अॅसिडच्या हौदात बुडवली तर सांध्यांत शिरलेलं अॅसिड काही महिन्यांनी नव्या रंगाखालून डोकं वर काढतं. सगळ्यात भरवशाचा उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे: रसायन लावून, खरवडून, हाताने.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा आहे तशीच ठेवली तर? तर मी म्हणेन, शाब्बास, हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता. याचं उत्तम उदाहरण 'बुलिट' या १९६८ च्या सिनेमातली स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो पाठलाग ज्याने पाहिला नसेल त्याने आमच्या खोलीवर यावं. ही गाडी किअरनन नावाच्या कुटुंबाने १९७४ साली ६,००० डॉलर्सना विकत घेतली. घरातल्या बाई तीच गाडी घेऊन शाळेत शिकवायला जात! १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, यांनी दिली नाही. पुढे ती वर्षानुवर्षं नुसती उभी राहिली. २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये जगासमोर आली तेव्हा रंग उडालेला, जागोजागी गंज, सीट जीर्ण. आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात गेली ३४ लाख डॉलर्सना, कमिशन धरून ३७ लाख ४० हजार. आपल्या हिशोबाने पंचवीस कोटींच्या वर. ती त्याआधी कुणी चकाचक करून घेतली असती तर? सिनेमासाठी कॅमेरे बसवायला गाडीच्या खाली जोडलेले लोखंडी तुकडे होते. एखाद्या व्यवस्थित कारागिराने "हे काय फालतू लटकलंय" म्हणून ग्राइंडरने पहिल्याच दिवशी उडवले असते. तीच गाडी अस्सल असल्याच्या खुणांपैकी एक त्या ग्राइंडरच्या ठिणग्यांत गेली असती.

अर्थात प्रत्येक गाडी 'बुलिट' नसते. शेतात तीस वर्षं पडून कोंबड्यांचं खुराडं झालेली गाडी जशीच्या तशी ठेवण्यात काही अर्थ नाही. पण निम्म्याहून जास्त मूळ रंग शाबूत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: धुवा, पॉलिश करा, सडलेलं तेवढं नीट करा आणि स्प्रे गन कपाटात ठेवा. अमेरिकेतल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबने अशा न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभागच ठेवलेला आहे, ते उगीच नाही.

रंगवायचीच असेल तर पुढचा प्रश्न रंगाच्या जातीचा. आपल्या गॅरेजमध्ये आणि फर्निचरवाल्याकडेही 'ड्युको' हा शब्द सर्रास ऐकू येतो. ते मुळात एका रंगाचं व्यापारी नाव. ड्यूपाँट कंपनीचा हा नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला आणि रंग वाळायला लागणारे आठवडे काही तासांवर आले. मसल कारच्या काळात जनरल मोटर्स त्याच घराण्यातला अॅक्रिलिक लॅकर वापरत होती, तर फोर्ड आणि क्रायस्लर भट्टीत भाजलेला इनॅमल. दोन्हींची चमक वेगळी. लॅकरला खोली असते पण तो उन्हा-थंडीत तडकतो, आणि त्याच्या द्रावकांच्या वाफांमुळे कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी त्यावर कडक मर्यादा घातल्या आहेत. आज बहुतेक जण बेसकोट आणि वर क्लिअरकोट मारतात. टिकायला उत्तम, पण १९६९ च्या गाडीवर तो थर काचेच्या पेटीसारखा दिसतो. साधा, चमचम नसलेला रंग असेल तर एकाच थराचा युरेथेन मारावा असं मला वाटतं. टिकतोही आणि जुन्या रंगासारखा दिसतोही. मेटॅलिक असेल तर क्लिअरकोटला पर्याय नाही, तिथे मी भांडणार नाही.

आणि एक सांगू? त्या गाड्या कारखान्यातून आरशासारख्या निघतच नव्हत्या. रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत असे, बॉनेटखाली रंगाचे फवारे उडालेले असत, दाराच्या फटी बोटाबोटाने वेगळ्या. आज प्रदर्शनात दिसणाऱ्या गाड्या त्या काळच्या शोरूममधल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त नव्या दिसतात. वॉटर पेपर मारून मारून पोत काढून टाकायचा आणि त्यालाच 'ओरिजिनल' म्हणायचं, हा मला विनोद वाटतो.

आता शेवटी रंग. क्रायस्लरच्या गाड्यांच्या इंजिनखान्यात डाव्या बाजूला एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मूळ रंगाचा कोड ठोकलेला असतो. एफसी७ म्हणजे जांभळा, डॉजवाले त्याला 'प्लम क्रेझी' म्हणणार आणि प्लिमथवाले त्याच रंगाला 'इन-व्हायोलेट'. (कंपनी एक, डबा एक, नावं दोन. मार्केटिंगवाल्यांचं काय सांगावं!) शेवरले आणि फोर्डच्या गाड्यांवरही अशा पट्ट्या असतात. म्हणजे गाडी स्वतःच सांगते ती कोण होती. दुर्मीळ इंजिनाची गाडी असेल तर त्या कोडचाच रंग द्यावा, मग तो कितीही बेंगरूळ का असेना. त्या काळी बेज आणि फिका हिरवा मागवणारेही लोक होते, आणि आज सगळ्या जगलेल्या गाड्या लाल किंवा काळ्या झाल्या तर पुढच्या पिढीला वाटेल, १९७० साली अमेरिकेत बेज रंगच नव्हता. १९७९ ते १९८५ पर्यंत चाललेल्या 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' मालिकेने चार्जरचं असंच केलं. चित्रीकरणात तीनशेच्या आसपास गाड्यांचा चुराडा झाला तो वेगळाच, पण उरलेल्यांपैकीही किती निळ्या-हिरव्या गाड्या चाहत्यांनी केशरी करून टाकल्या!

साधी, छोट्या इंजिनाची गाडी असेल तर मात्र मालकाने हवा तो रंग द्यावा. माझा मित्र म्हणतो तसं, "गाडी त्याची, रंग त्याचा, तू कोण?" बरोबर आहे. रंग परत काढता येतो, कापलेला पत्रा परत येत नाही. माझी अट एकच: जे केलं ते लिहून ठेवा, प्रायमर मारण्याआधी उघड्या पत्र्याचे फोटो काढा, आणि विकताना ते फोटो घेणाऱ्याच्या हातात द्या. न देणाऱ्याकडून घेणार असाल तर मऊ, पातळ चुंबक आणि रंगाची जाडी मोजणारा गेज खिशात ठेवा. कारखान्याचा रंग शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो. गेजने हजार-दीड हजार दाखवले, की रंगाच्या गप्पा बंद करून खाली वाकायचं. आपल्याकडेही जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण अट हीच, की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. रंगावरून कुणी अडवत नाही.

एक गोष्ट राहिली आणि ती इतर सगळ्यांपेक्षा गंभीर आहे. आजच्या टिकाऊ युरेथेन रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो, आणि वास येईपर्यंत धोक्याची मर्यादा ओलांडलेली असते. कोळशाचा साधा मास्क यासाठी पुरेसा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. मामांच्या गॅरेजमध्ये एक पेंटर काका होते, हात असा सफाईदार की बघत राहावं. नाकाला रुमाल बांधून पंधरा-वीस वर्षं फवारणी केली. आता ते जिना चढताना दोनदा थांबतात आणि गॅरेजच्या दारातूनच परत फिरतात, कारण नुसत्या वासानेही छाती भरून येते. तेव्हा सुट्टीत कुणाची जुनी गाडी, बुलेट, काहीही रंगवायला घ्याल, तर ठोका, घासा, वेल्डिंग करा, पुट्टी ओढा, प्रायमरपर्यंतचं ब्रशने जमेल तेवढं सगळं करा. शेवटचा हात मात्र हवेची सोय असलेल्या बूथवाल्याकडून मारून घ्या, पैसे जास्त गेले तरी. मामांनी आता रुमालावर फवारणी बंद केली आहे. कॉम्प्रेसरवर चालणारा हवेचा मुखवटा त्यांनी गेल्या दिवाळीत आणला.